लेकीची कड

हॉस्पिटलच्या तळघरात, एक्स-रे खात्याच्या शेवटच्या खोलीत जे गृहस्थ बसत, त्यांना शिपायापासून सर्जनपर्यंत सगळे ठिपकेकाका म्हणत. पाठीच्या कण्याचे फोटो त्यांच्याकडे येत आणि ते प्रत्येक मणक्याच्या चार कोपऱ्यांवर चार ठिपके ठेवत. सर्वांत कललेल्या दोन मणक्यांच्या ठिपक्यांतून रेषा निघत, आणि त्या रेषांमधला कोन म्हणजे कण्याचा बाक. पुढचं सगळं त्या आकड्यावर ठरे. पंचवीस अंशांच्या आत असला तर नुसतं लक्ष ठेवायचं, त्यापुढे पट्टा, पंचेचाळीसच्या वर गेला की ऑपरेशन.

पूर्वी काका हे काम पेन्सिल आणि कोनमापक घेऊन करत. मग कॉम्प्युटर आला. उजेड जिथे एकदम तुटून अंधार सुरू होतो तिथे हाडाची कड, एवढंच त्याला शिकवलेलं. तो कड धरून हाडाभोवती फिरे, आकृती पुरी करी आणि कोपऱ्यांवर लाल ठिपके टाकून मोकळा होई. दहातल्या आठ वेळा बरोबर असे. उरलेल्या दोन वेळा मणक्यावरून गेलेली बरगडी त्याला मणक्याची कड वाटे, नाहीतर पोटातला वारा हाड वाटे. "अरे बाबा, हा गॅस आहे," असं पडद्याला समजावत काका ठिपका माउसने उचलून जागच्या जागी नेत. त्यांनी ठेवलेला ठिपका पुन्हा कुणी तपासत नसे.

त्यांची एकुलती एक मुलगी बारा वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. आई तिच्या शाळेच्या गणवेशाची शिवण उसवून वाढवत होती. ती मध्येच थांबून म्हणाली, "अहो, हिचा एक खांदा वर दिसतोय."

काकांनी पेपरातून मान वर केली. मुलगी पाठमोरी उभी होती. दिवसाला तीस पाठी बघणाऱ्या माणसाला घरातली एक पाठ दिसली नव्हती.

पहिल्या फोटोत बाक एकोणतीस अंश निघाला. छातीपासून कमरेपर्यंत प्लॅस्टिकचा कडक पट्टा आला, दिवसाचे वीस तास घालायचा. मुलगी पहिल्या दिवशी रडली, दुसऱ्या दिवशी पट्ट्यावर बोटांनी टकटक करून म्हणाली, "बाबा, कोण आहे बघ." घरच्या माणसाचं मोजमाप स्वतः करू नये असा खात्यात दंडक होता. पण दुसरा तंत्रज्ञ नोकरी सोडून गेलेला, आणि हाडांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, तुमच्याइतकं नीट कोण करणार आहे?"

सहा महिन्यांनी पस्तीस. त्यानंतरच्या सहा महिन्यांनी फोटो आला तेव्हा काकांनी खोलीचं दार लावून घेतलं. कॉम्प्युटर कडा शोधत खाली उतरला, ठिपके पडले, कोपऱ्यात आकडा उमटला. सत्तेचाळीस.

ऑपरेशन या शब्दाची काकांना धास्ती होती. ते अकरा वर्षांचे असताना त्यांची थोरली बहीण एका किरकोळ ऑपरेशनसाठी आत गेली आणि परत आलीच नाही. तिच्या चपला हातात घेऊन ते वडिलांबरोबर घरी चालत आले होते. त्यानंतर हॉस्पिटलात उभी हयात गेली, हजारो लोक धडधाकट घरी जाताना पाहिले, पण ती धास्ती काही हलली नाही.

वरच्या मणक्यावरून एक बरगडी आडवी गेली होती. तिथे कड जराशी पुसट होती. काकांनी ठिपका तांदळाच्या दाण्याएवढा खाली ओढला. चव्वेचाळीस. तिथे थांबले असते तर मोजणाऱ्या माणसागणिक चार-पाच अंशांचा फरक पडतोच, असं म्हणता आलं असतं. पण खालच्या मणक्याची कड स्वच्छ होती, शिसपेन्सिलीने ओढल्यासारखी, आणि काकांनी तिथलाही ठिपका सरकवला. एकोणचाळीस. त्यांनी खाली सही केली.

"वाढलाय थोडा," डॉक्टरीणबाई आकडा बघून म्हणाल्या, "पण पट्टा चालू ठेवू." बाहेर पन्नास माणसं ताटकळत होती. बाईंनी पुढचा कागद ओढला.

घरी आईने सुटकेचा निःश्वास सोडला. काका जेवून उठले. पुढच्या तपासणीपर्यंत आपोआप थांबेल, वाढीचं वय सरत आलंय, असं ते रोज स्वतःला बजावत राहिले. मुलगी दोन जिने चढून मध्येच थांबू लागली तेव्हा आई म्हणाली, "पट्ट्यामुळे दमत असेल." काकांनी मुलीच्या खांद्यावरचं दप्तर उतरवून घेतलं.

पुढचा फोटो एकसष्ट अंशांचा होता. या वेळी त्यांनी एकाही ठिपक्याला हात लावला नाही.

डॉक्टरीणबाई स्वतः तळघरात आल्या. दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावायला सांगितले. मग जुन्या फोटोवर कॉम्प्युटर पुन्हा चालवला. सत्तेचाळीस.

"खालची ही कड," त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "इथे बरगडी आहे का, काका?"

"नाही."

"मग ठिपका इतका खाली का?"

काकांनी माउसवरचा हात काढून घेतला.

"तुम्हाला दिसत होतं?"

"दिसत होतं."

बाईंनी शेजारचं स्टूल ओढलं आणि बसल्या. "मीही फोटो बघायला हवा होता," त्या म्हणाल्या. "मी नुसता आकडा बघितला. ते माझं मी वर कळवीन. पण घरी तुम्हीच सांगा. आणि ऑपरेशनच्या आधी सांगा."

काकांनी त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरात बायकोला सांगितलं. ती ओट्याला टेकून ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिने गॅस बंद केला आणि एवढंच विचारलं, "सहा महिने माझ्या शेजारी झोपलात, आणि हे पोटात ठेवून?" मग ती मुलीच्या खोलीत जाऊन बसली.

मुलीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "किती हलवलास?"

काकांनी अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवलं. "एवढंसं. दाण्याएवढं."

"पडद्यावर ना," ती म्हणाली. "पाठीत किती झालं?"

काका दारातच उभे राहिले. थोड्या वेळाने तिने दिवा घालवायला सांगितला.

ऑपरेशन नऊ तास चाललं. ती वाचली. पण बाक ताठून बसला होता, तो चौतिसापर्यंतच उतरला, आणि ठरल्यापेक्षा तीन मणके जास्त सळ्यांनी एकमेकांना जोडावे लागले. तिला आता कमरेतून वाकता येत नाही. खाली पडलेली वस्तू घ्यायची तर गुडघे दुमडून, पाठ सरळ ठेवून उतरावं लागतं.

हॉस्पिटलने काकांनी मोजलेले इतर मुलांचे मागचे दोनशे फोटो बाहेरच्या माणसाकडून तपासून घेतले. एकही ठिपका चुकलेला नव्हता. चौकशी समितीला हे ऐकून बरं वाटलं, काकांना मात्र तोंड लपवायला जागा उरली नाही. परक्यांच्या दोनशे लेकरांना त्यांनी खरं सांगितलं होतं. त्यांना नोंदणीच्या खिडकीवर बसवलं. तिथे ते नाव, वय, पत्ता विचारतात. नवी माणसं त्यांना ठिपकेकाका म्हणत नाहीत, जुनी माणसं म्हणायचं टाळतात.

मुलगी आता एकोणीस वर्षांची आहे. बापाशी बोलते, चहा झाला की हाकही मारते, पण तपासणीला आईलाच घेऊन जाते. गेल्या महिन्यात आई तापाने पडली होती म्हणून काका गेले. ती आत गेली, ते बाहेर बाकावर बसले. अर्ध्या तासाने ती फोटोचं पाकीट घेऊन बाहेर आली.

"चौतीसच आहे," ती म्हणाली. "वाढला नाही."

काकांनी मान हलवली. पाकिटाकडे बघितलंही नाही आणि तिने पुढे केलंही नाही. बसमध्ये जागा रिकाम्या होत्या, पण खड्ड्यांचे हिसके बसून सोसवत नाहीत म्हणून ती दांडी धरून उभी राहिली. काकाही उभे राहिले.

"तू बस की," ती म्हणाली.

"असू दे," काका म्हणाले.

ती खिडकीबाहेर बघत राहिली. घर येईपर्यंत दोघं तसेच उभे होते.