आतल्या खोलीपर्यंत वायर

मुलीच्या पहिल्या मुलाखतीच्या दिवशी नेट कशानं तुटलं, हे मला त्याच दिवसापासून माहीत होतं. सहा वर्षं मी ते कुणाला सांगितलं नाही. घरात वायफाय घ्यायची वेळ आली तेव्हा ते सांगावं लागलं. म्हणून दोन्ही गोष्टी एकत्रच लिहितो.

मुलगी बाळंतपणाला माहेरी, माधवनगरला आली होती. बाळ चार महिन्यांचं झालं आणि तिची रजा संपत आली. जावई सदा फिरतीवर, पुण्यात बाळाकडं बघायला कुणी नाही. कंपनीनं तिला तीन महिने घरून काम करायची परवानगी दिली, पण पहिल्या आठवड्यात लाइन तुटली तर ऑफिसात हजर व्हायचं, असं बजावलं. सोमवारी सकाळी सुरुवात होती.

केबलवाला लाइन पुढच्या खोलीपर्यंत देणार होता. राउटर आमचा आम्ही घ्यायचा होता. मी यंत्रमागावर जॉबर आहे, माग दुरुस्त करणारा. मागाचा बिघाड आवाजावरून ओळखतो, पण या पेटीतलं मला काही कळत नव्हतं. तरी गुरुवारी सांगलीतल्या दुकानात जाऊन ऐटीत म्हणालो, "राउटर द्या, सहा अँटेनाच्या काड्यांचा."

दुकानदार माझ्याच वयाचा. म्हणाला, "काड्या मोजून कशाला घेताय अण्णा? घर कसं हाय ते सांगा."

"दगडी. भिंती हातभर जाड."

"आन् नेट कुठं पायजे?"

"पार आत. बाळंतिणीच्या खोलीत."

"मधी काय?"

"मधल्या खोलीत जोंधळ्याच्या कणग्या. पत्र्याच्या, चार."

तो हसला. "पेटी पुढं, पोरगी मागं, मधी दगड आन् पत्रा. सहा काय, साठ काड्या लावल्या तरी आत काय पोचायचं न्हाई."

मला पटलं नाही. त्यानं वाद घातला नाही. "न्या. लावून बघा. न्हाई जमलं तर परत आणा. खोका तेवढा फाडू नका."

शुक्रवारी लाइन आली. पेटी लावली आणि मी हातात फोन धरून घरभर फिरलो. कापड तपासताना जिथं तार चुकली तिथं आम्ही खडूनं खूण करतो, तशा फरशीवर खुणा केल्या. पुढच्या खोलीत तीन रेघा, मधल्या खोलीत दोन, कणग्यांच्या मागं एक. मुलीच्या बाजेपाशी नुसती फुली.

"फरशीवर रांगोळी कसली काढताय अण्णा?" मुलगी म्हणाली. फुली बघून तिला कळलं. "मग मी पुढंच बसते की."

तिची आई ताडकन म्हणाली, "बाळंतिणीनं दारात बसायचं? येणारा-जाणारा बघतोय, वारं लागतंय."

"चार महिने झाले आई."

"पाच झाल्याबिगर न्हाई. आन् ती पेटीबी बाळाजवळ आणायची न्हाई. किरणं लागत्यात."

आमच्याकडं बाळंतिणीची खोली घरातली सगळ्यात आतली, आणि त्यावर बोलायची सोय नव्हती. मुलीनं बाळाला खांद्यावर घेतलं आणि सहज म्हणाली, "मग अण्णांचा फोन झरोक्यात ठेवते. माझ्या सिमला इथं रेंज नाही, त्यांच्याला आहे. हॉटस्पॉटवर आठवडा निघेल."

"माझ्या फोनवर न्हाई," मी म्हणालो.

"का?"

हो म्हणणं सोपं होतं. पण सहा वर्षांमागं याच झरोक्यात, माझ्याच फोनच्या भरवशावर ती मुलाखतीला बसली होती. त्या फोनला कॉल घेतला की नेट बंद पडायचं. तिनं मला तीनदा बजावलं होतं, काय झालं तरी उचलू नका म्हणून. मधेच नेट तुटलं, तेव्हा टॉवर गेला असंच ती समजली.

"त्या दिवशी टॉवर गेला नव्हता," मी म्हणालो. "मी फोन उचलला होता."

तिनं बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. "चुकून?"

व्हय म्हटलं असतं तर तिथंच मिटलं असतं. "न्हाई. साताऱ्याकडच्या स्थळाचा फोन होता. उचलला की तुझं तुटणार, मला ठाऊक होतं. तुला नोकरी लागली की तू जाणार, मग लग्नाचं मनावर घेणार कवा, असं आलं मनात. फोन घेऊन परसात गेलो."

"किती वेळ बोलत होतात?"

"तू दार उघडून बाहेर येईपर्यंत."

ते स्थळ जमलंसुद्धा नाही. ती नोकरी मात्र गेली. पुढं दोन वर्षं ती इथंच एका दुकानात बिलं करत बसली.

"मी टॉवर गेला म्हणून त्यांना मेल लिहिली होती, अण्णा. दुसरी वेळ द्या म्हणून हातापाया पडले होते. तुम्ही शेजारी बसून बघत होता."

"व्हय."

ती आत गेली. तिची आई कणगीला टेकून उभी होती. म्हणाली, "एवढी वर्षं माझ्या हातचं जेवलासा, आन् हे पोटात ठिवून." दिवस मावळायच्या आत आमची जेवणं होतात. त्या दिवशी ताटं वाढली, पण कुणी कुणाला आग्रह केला नाही.

शनिवारी दुकान उघडायच्या आधी मी पायरीवर बसलो होतो. दुकानदारानं खोका उलटा-सुलटा केला. "फाडला न्हाई न्हवं?" मग त्यानं सांगितलेलं सगळं मी मुकाट्यानं घेतलं. पुढं लावायला साधा राउटर, तिथून आत न्यायला जाड वायर, वायरच्या टोकाला आतल्या खोलीसाठी छोटी पेटी, आणि लाइट गेली तरी दोन्ही चालू राहतील अशा दोन लहान बॅटऱ्या. वायर किती लागेल ते मी घरून सूत लावून मोजून आणलं होतं, कणग्यांच्या वरून, आढ्याच्या कडेनं, वळणासकट. तरी वर दोन हात जास्त घेतली.

बायकोपुढं शब्द टाकला. छोटी पेटी पाळण्यापासून लांब, दाराच्या वर बसवतो. तिनं पाळण्यापासून दारापर्यंतचं अंतर दोनदा पावलांनी मोजलं आणि मान हलवली.

रविवार वायरसाठी भिंतीला भोक पाडण्यात गेला. एक दगड फुटेना, ड्रिलचं बिट मोडलं, दुसरं आणलं. बाळ जागं असतानाच ड्रिल चालवायचं होतं. मुलगी माझ्याशी बोलत नव्हती. दाराशी येऊन एवढंच सांगायची, "झोपलाय. थांबा." मी शिडीवरच बसून राहायचो. "उठलाय. करा." की पुन्हा सुरू. हात भरून आले, नाकातोंडात धूळ गेली, पण ते भोक आज पल्याड निघाल्याशिवाय मी खाली उतरणार नव्हतो. ऊन कलायच्या आत वायर आत गेली.

सोमवारी ती आठला बसली. मधेच लाइट गेली आणि आली. आतलं बोलणं थांबलं नाही. मीटिंग संपल्यावर ती बाळाला पाजून बाहेर आली आणि त्याला माझ्याकडं दिलं.

"लाइन चांगली आहे," ती म्हणाली. "पण त्या नोकरीचं मी अजून माफ केलेलं नाही."

"नको करूस."

"आईलाही 'माफ केलंस का' म्हणून विचारायला सांगू नका."

"न्हाई सांगत."

तिनं दार ओढून घेतलं. पुढच्या मीटिंगला पाच मिनिटं होती.