चांदीचा चारा

सोनपेठजवळच्या त्या गावात कित्येक वर्षं एकही नवरदेव पंडितच्या घोडीवर बसल्याशिवाय मारुतीच्या पारावर गेला नव्हता. घोडीचं नाव चांदी. वरातीत लगाम पंडितच्या हातात असायचा. लीद काढायची, पाणी दाखवायचं ते मात्र त्याच्या बायकोनं, चांगुणाबाईनं.

पुढं वरातीत डीजेच्या गाड्या आल्या. चांदीही थकली. चघळलेल्या कडब्याचे ओले गोळे तिच्या तोंडातून खाली पडायला लागले. जनावरांच्या डॉक्टरनं जबडा उघडून दाखवला, तर दाढा झिजून पार गुळगुळीत झालेल्या. जातं झिजलं तर पाथरवटाकडून टाकी लावून घेता येते, हिचं काय करायचं?

तेव्हापासून चांगुणाबाई कडब्याची बारीक कुट्टी करून आणायची, त्यात गव्हाचा कोंडा घालायची आणि गरम पाण्यात लापशीसारखं मऊ होईस्तोवर भिजवायची. चांदी लय सावकाश खायची, म्हणून चांगुणाबाई घमेलं धरून बसून राहायची.

"माझ्या मायचं एवढं केलं न्हाईस कधी," पंडित म्हणायचा.

"त्यांना दात होते. चावायच्या बी."

मागच्या चैत्रात पालमला तिचा भाऊ वारला. निघताना तिनं पंडितला बजावलं, "कोरडा कडबा टाकू नका. भिजवूनच द्या."

"मला शिकवायलीस व्हय? हयात गेली माझी घोड्यात."

राख सावडून ती एसटीनं परतली. गोठ्यात चांदी आडवी पडली होती. पोट टम्म फुगलेलं, पुढं अख्ख्या कडब्याच्या पेंढ्या, भोवती वाळलेले गोळे. कुट्टीच्या पोत्याला हातसुद्धा लागला नव्हता.

"आवं, भिजवलं न्हाई?"

"टाकला होता की चारा. भूक लागली की खाईल म्हणलं. कोण बसतंय घमेलं धरून?"

डॉक्टर आले. कोरडा चारा आतड्यात बसलाय, आता उशीर झाला, म्हणाले. दिवस मावळायच्या आत चांदी गेली.

दुसऱ्या दिवशी माणसं भेटायला आली. त्यांत जुने सरपंच बन्सीधरही होते. "लोक म्हातारं जनावर बाजार दाखवून मोकळे होतात," ते म्हणाले. "पंडितनं शेवटपर्यंत सांभाळलं." पंडितनं उपरण्यानं डोळे पुसले. ते रडणं खोटं नव्हतं, आणि तेच चांगुणाबाईला सोसवेना.

तिनं चहाचा ट्रे खाली ठेवला.

"यांनी मारली हो तिला. दात न्हाईत हे ठाऊक असून कोरडा कडबा टाकला."

मग बन्सीधर हळहळले, "जीव लावला होता बाईनं. दुःखात बोलायलीय बिचारी."

पंडितनं मान डोलावली. "घ्या, चहा घ्या."

सगळ्यांनी कप उचलले. चहा चांगला झालाय, असंही कुणीतरी म्हणालं.