काकूंचे पाच अल्बम

काकूंना जुन्या गाण्यांचा राग होता. घरी आलेला कोणी पाहुणा चहाचा कप हातात घेऊन "आता तशी गाणी राहिली नाहीत" असं म्हणाला, की काकू गाळणं आपटत म्हणायच्या, "बरं झालं. किती ऐकायची? माझी सासू तीच ऐकायची, तिची सून म्हणून मीबी तीच ऐकली. आता सुटले." सत्तरीच्या काकू त्या-त्या वर्षी निघालेलंच गाणं ऐकत. मागच्या वर्षीचं काही लावलं, तर शिळी भाकरी वाढल्यासारखं तोंड करत.

बारामतीत नोकरी लागली तेव्हा मी त्यांच्या घरात वरच्या खोलीत भाड्यानं राहायला आले. पहिल्याच दिवशी त्यांनी अट सांगितली. "अल्बम चालू असला की जिन्यात चपला वाजवायच्या न्हाईत." मला वाटलं, लग्नाचा अल्बम. संध्याकाळी खाली आले तर काकू लसूण सोलत बसलेल्या आणि मोबाइलला जोडलेल्या डबीतून कोणीतरी परदेशी माणूस कण्हत होता. मी विचारलं, "काकू, हे काय म्हणतोय?" त्या म्हणाल्या, "मला काय म्हाईत? भाषा कळली की माणूस शब्दातच अडकून बसतो."

गायकांची नावं त्यांच्या जिभेला वळत नसत, म्हणून त्यांनी स्वतःच ठेवली होती. तो कण्हणारा 'सर्दीवाला'. तमिळमध्ये तावातावाने बोलगाणं म्हणणारी मुलगी 'नळावरची'. आणि एक गझलगायक होते, त्यांचं नाव 'मच्छरदाणी'. का, तर ऐकताना बरं वाटतं, पण बाहेर पडायला वाट सापडत नाही. अल्बममधलं एकच गाणं ऐकणाऱ्यांचा त्यांना तिटकारा होता. "ताटातलं नुसतं लोणचं चाटून उठतो का कुणी?" असं म्हणून त्या पहिल्यापासून शेवटपर्यंत, आहे त्याच क्रमानं ऐकायच्या. कंटाळवाणं गाणंसुद्धा पुढे ढकलायच्या नाहीत.

गल्लीतल्या गणपती मंडळाच्या पोरांना त्यांनी एकदा विचारलं होतं, "गणपती दरवर्षी नवा आणता, मग गाणी का रं तीच?" पोरांना ते लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी काकूंकडूनच गाणं मागून घेतलं आणि मिरवणुकीत लावलं. त्याचा ताल असा काही तिरपा होता, की नाचणाऱ्यांचे पाय एकमेकांत अडकले, ढोलवाले थांबले आणि मिरवणूक चौकात उभीच राहिली. काकू गच्चीवरून पदर तोंडाला लावून हसत होत्या.

वर्षाच्या शेवटच्या रविवारी सुप्याला, काकूंच्या भावाच्या ज्वारीच्या रानात हुरडा असायचा. तिथं काकू वर्षातले आपले पाच आवडते अल्बम जाहीर करायच्या. भाऊ, भाचे, गल्लीतल्या बायका, मी, सगळे आगटीभोवती बसायचो. पाचव्यापासून सुरुवात करून त्या पहिल्यावर यायच्या आणि प्रत्येकातलं एक गाणं वाजवायच्या. गाणं वाजत असताना बोलणाऱ्याच्या तळहातावरचा हुरडा काढून शेजारच्याला दिला जाई.

काकूंची मुलगी शोभा इंदापूरकडे दिलेली. तिचे सासरे आबा म्हणजे उसाचे मोठे बागायतदार आणि गावच्या भजनी मंडळाचा मुख्य आवाज. एका वर्षी आबांनी स्टुडिओत जाऊन स्वतःच्या भजनांचा अल्बम काढला आणि सगळ्या सोयऱ्यांना मोबाइलवर पाठवला. पाठोपाठ शोभाचा फोन आला. काकूंनी तो स्पीकरवरच घेतला होता.

"आई, आबांचा अल्बम पाचात घाल. पाचवा घातलास तरी चालंल."

"आणि न्हाय घातला तर?"

"तर तुला काय, तू तितं बारामतीत. मला हितं नांदायचंय."

काकूंनी तो अल्बम पुन्हा पुन्हा ऐकला. ऐकताना एकदाही हसल्या नाहीत. मी म्हटलं, "काकू, द्या की पाचवा नंबर. कोणाला कळणार आहे?" त्या म्हणाल्या, "मला कळंल की."

त्या हुरड्याला आबा कडक इस्त्रीचे कपडे आणि फेटा घालून आले. बरोबर त्यांच्या पत्नी, माई. शोभा आईच्या तोंडाकडे बघत होती. पाचवा झाला, चौथा झाला, पहिलाही वाजवून झाला आणि काकू थांबल्या. आबा घसा साफ करून म्हणाले, "विहीणबाई, आमचं राहिलं वाटतं."

"राहिलं न्हाय आबा. ठेवलं."

"कशापायी?"

"तुमचा आवाज त्यात हायच न्हाय. तुमी बांधावरनं गड्याला हाक मारता तर फाट्यावरची कुत्री उठत्यात. ह्यात कुणीतरी तूप लावलेला माणूस गातोय. मशिनीनं तुमाला पार घासून काढलंय."

आबा उठले. हातातला हुरडा त्यांनी पाटीत परत टाकला आणि गाडीत जाऊन बसले. शोभा रडत त्यांच्या मागे गेली. त्या दिवशी काकूंनी हुरडा खाल्ला नाही.

संक्रांतीला शोभा आली नाही. उन्हाळ्यात नातवंडं आली नाहीत. काकू वरवर काही दाखवायच्या नाहीत, पण आंब्याचा रस काढायचा राहिला तो राहिलाच. मात्र नवा अल्बम आवडला की त्या आबांना पाठवायच्या. उत्तर यायचं नाही. "निळ्या खुणा पडत्यात," त्या मला मोबाइल दाखवून म्हणायच्या. "म्हंजी म्हातारा बघतोय. बघतोय म्हंजी ऐकतोय."

श्रावणात एका दुपारी फोन वाजला. पलीकडून आबा, थेट, नमस्कार-चमत्कार न करता: "विहीणबाई, त्या कण्हणाऱ्याला काढा द्या कुणीतरी. दुसरं गाणं बरं हाय, बाकी नुसतं नाक वाजतंय." काकूंनी फोन ठेवला आणि देवापुढे साखर ठेवली. दिवाळीला शोभा मुलांना घेऊन आली.

तिच्या हाती आबांनी नवा अल्बम पाठवला होता. मोबाइलवरच, गोठ्यात बसून रेकॉर्ड केलेला. आबांचा मोकळा, फुटका, दांडगा आवाज, मागे माईंची बारीक साथ आणि मधूनच एक गाय. त्या वर्षीच्या हुरड्याला काकूंनी त्याला चौथा नंबर दिला.

"चौथाच?" आबा आगटीपाशी बसून भांडायला लागले. "गाय आवडली न्हाय का?"

"गाय झकास हाय. पर तुमी गप बसून माईंना एकटीला गाऊ दिलं असतं, तर पहिला आला असता." माईंनी तोंडाला पदर लावला. मग सगळ्यांनी धरलंच, तेव्हा त्या रानात एकट्या गायल्या, आणि आबांच्या तळहातावरचा हुरडा दोनदा शेजारी गेला, कारण त्यांना मधे 'वा' म्हटल्यावाचून राहवेना.

गेल्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडाला काकू दवाखान्यात होत्या. कानात एक बटण लावलेलं. डॉक्टर समजावून सांगत असताना त्या गंभीरपणे मान हलवत होत्या; ते बाहेर गेल्यावर कळलं, ती मान ढोलकाच्या तालावर हलत होती. मी विचारलं, "काकू, यंदा पहिला कोण?" त्या म्हणाल्या, "वरीस कुठं संपलंय? शेवटच्या आठवड्यात एखादा चांगला निघाला म्हंजी? घाई करू नगं पोरी."

डिसेंबर लागताच त्या गेल्या.

यंदा हुरडा नको, असं भाऊ म्हणाले. आबा म्हणाले, "हुरडा नको तर नको. माणसं बोलवा." आम्ही त्या रविवारी सुप्याला नुसत्या चहावर बसलो. मग आबा माझ्याकडे वळले. "तुमी वरच्या खोलीत होता. सांगा, पहिला कुणाला दिला असता त्यांनी?"

मी नाव घेतलं.

"साफ चूक," आबा म्हणाले आणि त्यांनी दुसरंच नाव सांगितलं. शोभाने तिसरंच नाव घेतलं. माई चक्क नळावरचीच्या बाजूने उभ्या राहिल्या. भाचे ओरडायला लागले, भाऊ मोबाइल शोधायला लागले, प्रत्येक जण आपापलं गाणं लावून दुसऱ्याला गप बसवायला लागला. दिवस मावळून गाड्या सुरू झाल्या तरी आबा खिडकीची काच खाली करून भांडतच होते. तो पहिला नंबर अजून ठरलेला नाही.