बाईंच्या शोकसभेतला मटार

कोथरूडला आमच्या सोसायटीत मला नावाने कुणी ओळखत नाही. मी 'बाईंचे मिस्टर'. बँकेत मी शाखाधिकारी होतो, माझ्या सहीशिवाय तिथे पान हलत नसे. पण त्याचं इथे कुणाला सोयरसुतक नाही. भाजी आणायला गेलो तर भाजीवाली आधी विचारायची, "बाईंनी पाठवलंय का तुम्हाला?" आणि मग जे मी मागितलं नव्हतं ते पिशवीत घालायची. कारण बाईंना काय लागतं हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तिची दोन्ही मुलं हिच्या हाताखालून गेली होती.

ही म्हणजे माझी बायको. जवळच्याच एका मराठी शाळेत तिने आयुष्यभर गणित शिकवलं. ती निवृत्त झाली तेव्हा मी मनातल्या मनात पेढे वाटले होते. म्हटलं, आता संध्याकाळी दोघं बाल्कनीत बसू, चहा पिऊ, कुणाबद्दल तरी वाईट बोलू. कसलं काय! पहिल्याच सोमवारी दुपारची झोप काढून बाहेर येतो तर हॉलमध्ये वर्तमानपत्रं अंथरलेली, त्यावर मटाराच्या शेंगांचा ढीग आणि भोवती पाच-सहा मुलं. एक मुलगी सतराचा पाढा म्हणतेय आणि शेंगा सोलतेय.

"हे काय?" मी विचारलं.

"शिकवणी," ही म्हणाली. "चहा ठेवता का? तुमच्यापुरता नको, सगळ्यांना."

हिची शिकवण्याची ही पद्धत होती. तिच्या म्हणण्याप्रमाणे मुलाला नुसतं समोर बसवून 'सांग' म्हटलं की ते घाबरतं. हातात काहीतरी काम दिलं की ते कामाकडे बघतं, आपल्याला कुणी तपासतंय हे विसरतं आणि बोलायला लागतं. म्हणून मटार, नाहीतर मेथी, नाहीतर गवार. स्वतः ही फारसं काही सांगायचीच नाही. "बरं, मग पुढे?" एवढंच म्हणायची आणि पोरं स्वतःच्या चुका स्वतःच धरायची. फी घ्यायची नाही. वॉचमनची मुलं, समोरच्या बांधकामावरची मुलं, तिसऱ्या मजल्यावरच्या वकिलांचा नापास झालेला चिरंजीव, सगळे एकाच वर्तमानपत्राभोवती.

ही बातमी फुटायला वेळ लागला नाही. बिल्डिंगमधल्या बायकांनी चारच्या सुमाराला आमच्या दाराशी भाजीच्या पिशव्या ठेवायला सुरुवात केली. 'बाई, जमलं तर एवढी मेथी.' न जमायला काय झालं? मी मात्र पेपर घेऊन आतल्या खोलीत जाऊन दार लावून बसायचो. आमच्या घराची मंडई झाली होती, आणि मला मंडईत बसायची हौस नव्हती.

एकदा गोंधळ झाला तो ऐका. वर्गमुळं चालली होती आणि पिशव्या-डब्यांची अदलाबदल झाली. आमच्या शेजारी एक कुटुंब आहे, कांदा-लसूण त्यांच्या घराच्या उंबऱ्यालाही चालत नाही. त्यांच्या डब्यात गेला वाटीभर सोललेला, पांढराशुभ्र लसूण. शेजारच्या आजींनी डबा उघडला आणि जी किंकाळी फोडली, ती ऐकून लिफ्टमधला माणूस चुकीच्या मजल्यावर उतरला. ही गेली, हात जोडले, म्हणाली, "आजी, चूक आमची. पण वर्गमुळं सगळ्यांना आली हो!" आजींचा नातू पुढच्या आठवड्यापासून आमच्याकडे. अट एकच, त्याला फक्त काकडी द्यायची.

एक पालक तावातावाने आले होते. "आम्ही मुलाला शिकायला पाठवतो की भाजी निवडायला?"

"दोन्हीला," ही म्हणाली. "उभे का? बसा ना. आज गवार आहे."

ते बसले. जाताना म्हणाले, ऑफिसात इतकं शांत कधी वाटलं नव्हतं. आता काय बोलणार?

गेल्या हिवाळ्याच्या तोंडाशी ही गेली. सकाळी चहा झाला, "जरा बरं वाटत नाहीये" म्हणाली, आणि डॉक्टर येईपर्यंत संपलं सगळं. जन्मभर कुणाला ताटकळत ठेवलं नाही तिने, तसंच जाताना. मी फार बोलत नाही त्याबद्दल. बोलता येत नाही.

तेरावा झाला. मुलगा खराडीला राहतो, आयटीत आहे, सून चांगली आहे, वाईट काही नाही. तो म्हणाला, "बाबा, इथे एकटे काय करणार? आमच्याकडे चला. फ्लॅट भाड्याने देऊ." मी हो म्हटलं. खरं सांगतो, मला त्या हॉलमध्ये पाय ठेववत नव्हता. वर्षानुवर्षं मी ज्या शांततेसाठी कुरकुरत होतो ती मिळाली होती, आणि त्या शांततेचाच मला इतका राग येत होता की भिंतीवर काहीतरी फेकून मारावंसं वाटायचं. सामान बांधायला काढलं.

त्यात एकच अडचण होती, ती म्हणजे पोळ्यांच्या ताई. या ताई आमच्या आणि आणखी चार घरी पोळ्या करतात. यवतमाळकडच्या. लग्न होऊन पुण्यात आल्या तेव्हा शाळा सुटली ती सुटलीच. हिने त्यांना दहावीला बाहेरून बसवलं होतं. मराठी, इतिहास-भूगोल वगैरे ठीक, पण बीजगणित म्हटलं की ताईंचं लाटणंच थांबायचं. मार्चमध्ये परीक्षा. आणि शिकवणारी गेलेली. ताई एका अक्षराने मला काही म्हणाल्या नाहीत, पण पोळ्या करपायला लागल्या. मला कळत होतं सगळं. पण मी काय करणार? मी मिस्टर.

सोसायटीने रविवारी पार्किंगमध्ये शोकसभा ठेवली. चेअरमन आमचे हौशी. आधी दोन मिनिटं शांतता पाळायची होती; घड्याळ बघायची जबाबदारी खजिनदारांवर दिली. खजिनदारांनी भावनेच्या भरात डोळे मिटले ते मिटलेच. आम्ही उभे, उभे, उभेच. शेवटी शेजारच्या आजी म्हणाल्या, "अहो, गुडघे दुखायला लागले, बाई परत येणारेत का आता?" तेव्हा कुठे बसलो.

मग चेअरमन बोलले. स्वतःच्या बायपासबद्दल बोलले, त्या वेळी बाईंनी खिचडी पाठवली होती म्हणून. तिथून ते टाकीच्या गळतीवर आले, गळतीवरून मेंटेनन्स थकवणाऱ्यांवर. ही असती तर म्हणाली असती, "बरं, मग पुढे?" आणि माणूस आपोआप थांबला असता.

त्यानंतर विद्यार्थी. केवढे आले होते! दाढ्या पिकलेले, पोटं सुटलेले, लेकरं कडेवर घेतलेले. एक जण मोठ्या कंपनीत साहेब आहे, रोज परदेशी लोकांसमोर तासतास बोलतो. माईक हातात घेतला, "बाई म्हणजे..." म्हणाला आणि संपलं. पँटीला तळवे पुसत राहिला, मग खाली बसला. दुसरी आली, "बाईंनी मला..." आणि ओक्साबोक्शी रडून परत गेली. एकालाही बोलता येईना. मला लाज वाटायला लागली, म्हणजे हिच्यासाठी. इतकी वर्षं घासली आणि एक धड वाक्य निघू नये कुणाच्या तोंडून?

तेवढ्यात गेटमधून एक टेम्पो आला. त्यातून उतरला हिचा एक जुना विद्यार्थी, वारज्याच्या पलीकडच्या गावातला. गाव आता शहरातच आलंय, घरची थोडी शेती राहिलीय. टेम्पोतून त्याने पाठीवर पोतं घेतलं आणि सरळ फोटोसमोर आणून आपटलं.

"हार आनला न्हाई," तो म्हणाला. "बाईंना हार आवडायचा न्हाई. मटार हाय."

आणि बघता बघता पोत्याची सुतळी सोडली, वर्तमानपत्रं मागितली, अंथरली आणि पोतं ओतलं.

चेअरमन उठले. "अहो, हे काय चाललंय? शोकसभा आहे ही!"

"मंग? बाईंचीच हाय ना?"

चेअरमन परत खुर्चीत टेकले. खुर्च्यांवरचे लोक एकेक करून खाली उतरले. त्या कंपनीतल्या साहेबाने बाह्या सरसावल्या, मांडी घालायचा प्रयत्न केला, पँट आडवी आली, तरी बसला. आणि शेंगा हातात आल्यावर तोंडं उघडली हो! कुणी काय, कुणी काय. एकाला बाईंनी नापास झाल्यावर घरी जेवायला ठेवून घेतलं होतं. एकीच्या सासऱ्यांना जाऊन बाईंनी असं काही सुनावलं होतं की त्यांनीच तिला पुढे शिकवलं. मला यातलं अर्धं ठाऊक नव्हतं. लोक हसत होते, रडत होते, दाणे तोंडात टाकत होते. मला कुणीतरी हात धरून खाली बसवलं आणि पुढ्यात शेंगा सारल्या. जन्मात मी मटार सोलला नव्हता. माझे दाणे उडून चेअरमनांच्या चष्म्यावर जात होते.

मग चेअरमनांना पुन्हा सुचलं. म्हणाले, "बाईंचं कार्य पुढे चालायला हवं. ऑनलाइन वर्ग सुरू करता येतील. नाहीतर पार्किंगमध्ये फोटो लावू."

माझा मुलगा म्हणाला, "फोटो तुम्हीच ठेवा, कारण बाबा आता माझ्याकडे येतायत. फ्लॅट भाड्याने देतोय."

सगळ्यांचे हात थांबले. मागून पोळ्यांच्या ताईंचा आवाज आला, अगदी बारीक. "मग माझ्या दहावीचं कसं जी?"

मुलगा माझ्याकडे बघतोय. चेअरमन घसा साफ करतायत, म्हणजे भाषण येणार. मला काय झालं कोण जाणे, तळपायाची आग मस्तकात गेली.

"कसं म्हणजे? इथेच होणार!" मी ओरडलो. "मी काय मेलोय का?"

शोकसभेत असं बोलू नये, कळतं मला. पण बोलून गेलो.

"बाबा, तुम्ही शिकवणार?" मुलगा म्हणाला. त्याच्या सुरात जी शंका होती ती रास्त होती. त्याला लहानपणी मी एकदा अपूर्णांक शिकवायला बसलो होतो. तो रडला होता, मी रडायच्या बेतात होतो आणि हिने दोघांना दोन खोल्यांत पाठवलं होतं.

"बघू," मी म्हणालो.

चेअरमन घरी जाताना डबाभर मटार घेऊन गेले, हे नमूद करायला हवं.

दुसऱ्या दिवशीपासून ताई पाच वाजता पोळ्यांची घरं उरकून यायला लागल्या. मी पावशेर गवार आणून ठेवली. पद्धत सगळी हिची, पण तोंड माझं. ही 'बरं, मग पुढे?' म्हणायची, तशी मी सुरुवात केली आणि तिसऱ्याच ओळीला माझा तोल सुटला. "अहो ताई, चिन्ह बदला, चिन्ह! बरोबरच्या पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं, किती वेळा सांगायचं?"

ताईंनी गवार खाली ठेवली. "काका, काहून ओरडता जी? बाई नव्हत्या ओरडत."

"त्या बाई होत्या! मी ओरडतो!"

मला वाटलं, आता उठून जातील. त्या एकदम हसायला लागल्या. "मग ओरडा. पण समजेल असं ओरडा."

तसा ओरडत राहिलो महिनोन्महिने. खालच्या मजल्यापर्यंत आवाज जायचा. वकिलांनी एकदा विचारलं, सगळं ठीक आहे ना? मी म्हटलं, एकसामयिक समीकरणं आहेत. खराडीला जायचं मी मुलाला 'परीक्षेनंतर बघू' म्हणून सांगितलं. तो पहिल्यांदा रागावला, मग रविवारी येऊन तोही मेथी निवडायला बसायला लागला.

बीजगणिताच्या पेपरला ताईंना मी सेंटरवर सोडायला गेलो. गेटवर आया, बाबा, पाण्याच्या बाटल्या, देवाचे अंगारे. पंधरा वर्षांच्या मुलींच्या घोळक्यातून ताई पदर खोचून आत गेल्या, मागे वळून बघितलंही नाही. मी समोरच्या फुटपाथवर बसलो. शेजारच्या एका बाबांनी विचारलं, "आपलं कोण आहे आत? नात?"

"विद्यार्थिनी," मी म्हणालो. बोललो आणि माझं मलाच कसंतरी झालं.

पेपर सुटला. ताई अगदी शेवटी बाहेर आल्या. चेहऱ्यावरून काही कळेना. मी विचारलं, "कसा गेला?"

"काका," त्या म्हणाल्या, "मला वाटलं होतं, लिहिताना बाईंचा आवाज येईल. येईचना. तुमचाच येत होता. चिन्ह बदला, चिन्ह! सारा वेळ नुसते ओरडत होता." मग म्हणाल्या, "सुटली बहुतेक सगळी."

मी रडलो. भर दुपारी, रस्त्यात, ओळखीच्या लोकांसमोर, कोथरूडमध्ये! ताई म्हणाल्या, "चला जी, मला चार घरच्या पोळ्या आहेत," आणि माझ्या कोपराला धरून मला रस्ता ओलांडून घेऊन गेल्या.