लिंबू निघणार नाही

माझी वहिनी नमतं घेणाऱ्यांतली नाही. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात तिने माझ्या दादाला स्वतःचं ताट स्वतः घासायला लावलं. आईच्या कपाळाला आठ्या पडल्या. मी मात्र तेव्हापासून वहिनीच्या बाजूची.

आम्ही दोघी एकाच वायनरीत कामाला. मी तळघरात दोन जातींच्या द्राक्षांची वाइन एकत्र करून पांढरी वाइन जमवते, वहिनी वरच्या रेस्टॉरंटचा स्वयंपाक सांभाळते. तिचा तळलेला मासा खायला लोक लांबून येतात. कुरकुरीत, मिरपूड लावलेला, वर सढळ हाताने लिंबू.

यंदा मालकांना वाइन मऊ हवी होती. मी म्हटलं, आंबट द्राक्ष कमी केलं तर धार जाईल. "धार सुरीला असते," असं म्हणून त्यांनी मला गप्प बसवलं. पुढे माशासोबत ती वाइन पाणचट लागायला लागली आणि खापर फुटलं वहिनीच्या लिंबावर.

शनिवारी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "उद्या मोठे व्यापारी चव बघायला येतायत. माशावर लिंबू नको. नाहीतर मी दुसरी स्वयंपाकीण बघतो."

"बघा की," वहिनी म्हणाली. कढईवरून मान वर केली असेल तर शपथ!

दादाचं काम सुटलेलं, घर जास्त करून वहिनीच्याच पगारावर चाललेलं.

रविवारी ताटं बाहेर गेली ती लिंबात न्हाऊनच. मालक लालबुंद होऊन आत आले. वहिनीने ॲप्रन सोडला, त्यांच्या शेजारून सरळ बाहेर गेली आणि पाहुण्यांच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसली.

"इतकी वर्षं या वाइनसाठी रांधतेय, कुणी मला घोटभर दिली नाही," ती म्हणाली. "न चाखता लिंबू कसं काढू?"

एका व्यापारीणबाईने हसून आपला ग्लास पुढे सरकवला. वहिनीने माशाचा घास घेतला, वर घोट घेतला आणि नाक मुरडलं. "माशापुढे हिची बोबडी वळते. वन्सं, तुमची ती पहिली आणा!"

मालकांनी नाकारलेली माझी आंबट वाइन मी तळघरात जपून ठेवली होती. आता माझीही नोकरी गेलीच म्हणायची, मग हात आखडायचा कशाला? जग काठोकाठ भरून आणला.

पाहुणे प्यायले, मासा खाल्ला, पुन्हा प्यायले. त्या बाईंनी आणखी लिंबू मागितलं. "आम्हाला हीच द्या," त्या म्हणाल्या. मालक नुसते हसले. दात दिसले, एवढंच.

वहिनीने ग्लास रिकामा करून समोर ठेवला. "मला अजून नीट चव कळली नाही, मालक. ओता."

सगळे बघत होते. मालकांनी जग उचलला. वहिनीने ग्लास उचलून धरला नाही, सरकवलाही नाही. हाताची घडी घालून बसून राहिली.

मालकांना चांगलंच वाकावं लागलं.