भुऱ्याच्या पाठीवरचा जार

अशा गोष्टींवर माझा विश्वास नव्हता आणि आजही ठेवायची इच्छा नाही. पण घडलं ते क्रमाने लिहिते.

आम्ही कुरुंद्याचे, वसमत तालुका. गेल्या वर्षी हळद शिजवताना उकळतं पाणी आमच्या कुत्र्यावर, भुऱ्यावर सांडलं... पाठीची तळहाताएवढी कातडीच गेली. दोन महिने मलमं झाली, जखम भरेना. तेव्हा वसमतच्या डॉक्टरांनी नवा उपाय सांगितला — गाय व्याल्यावर जार पडतो, त्याचा आतला पातळ पापुद्रा धुऊन, औषधात ठेवून जखमेवर बसवायचा. त्याखाली नवी कातडी धरते. आमची कपिला व्यायला आलीच होती. मी बर्फ, झाकणाचा डबा, गाडी, सगळं आधीच तयार ठेवलं.

आमची गुरं सांभाळणारी कमळाबाई तांड्यावरची, पंधरा वर्षं आमच्याकडे. कपिला व्याली, जार पडला, तेव्हा जार वडाला बांधायचा असतो, कुत्र्याला न्हाई, असं ती म्हणाली. मी हसून डबा उचलला. डॉक्टरांनी पापुद्रा बसवून पट्टी बांधली, आणि मी भुऱ्याला त्यांच्याकडेच ठेवून आले.

त्याच संध्याकाळपासून कपिला वासराला लाथा मारायला लागली. पान्हा सोडेना. दावं ताणून वसमतच्या दिशेला तोंड करून हंबरायची. वासराला बाटलीने विकतचं दूध पाजलं, तर हगवण लागली. तिसऱ्या दिवशी कमळाबाई दारात आली.

"ताई, कुत्र्याला एकडाव घेऊन या. गाय त्यालाच हुडकून राहिली."

"पट्टी आठ दिवस हलवायची नाही, कमळाबाई."

"पट्टीला कोण हात लावून राहिलं? नुसतं वासराजवळ उभं करा."

मी म्हटलं, तुम्हीच दवाखाना काढा आता. ती शेण भरायला गेली.

सातव्या दिवशी वासरू गेलं.

नवव्या दिवशी भुऱ्या घरी आला. कपिलाने त्याला कधी गव्हाणीजवळ फिरकू दिलं नव्हतं. तिने मान खाली घातली आणि त्याच्या पाठीवरची नवी गुलाबी कातडी चाटायला लागली... बराबर तेवढीच. सडांतून दूध आपोआप गळत होतं. कमळाबाईने पदर तोंडाला लावला. माझ्याकडे पाहिलंही नाही.

डॉक्टर म्हणतात, वास. असेल. पण पापुद्रा औषधात धुतलेला, आणि तोही आदल्या दिवशीच सुकून गळून पडलेला. आणि वसमत काय आमच्या गोठ्यातून दिसतं?

भुऱ्या बरा आहे, पाठीवर केसही आलेत. गाईला कसं कळलं, हे मला आजही सांगता येत नाही. आणि त्याहून जास्त डाचतं ते वेगळंच... तिसऱ्या दिवशी गाडी दारातच उभी होती. रस्ता अर्ध्या तासाचा.