वाट पाहणारं माणूस

यॉर्डिस ओकरब्लूमने मांजर पाळलं नाही ते सिक्स्टेनमुळे, असं तिला कुणी तोंडावर म्हटलं असतं तर तिने त्याला दारातूनच वाटेला लावलं असतं. पण खरं ते खरं. स्वीडनमधल्या हेर्नोसांद गावात दंतवैद्याकडे मदतनीस म्हणून तीस वर्षं काढलेली ही बाई, दुसऱ्यांच्या दाढा उपटताना हात धरून बसणारी, स्वतःच्या घरात एक कुंडीसुद्धा ठेवत नव्हती. शेजारीण म्हणायची, "अगं, निदान जिरेनियम तरी लाव." त्यावर हिचं ठरलेलं उत्तर, "मरतात ती."

आता ही खोड खेळातून घरात आली की घरातून खेळात गेली, ते देव जाणे. मी आपली खेळाची बाजू सांगते, कारण ती मला पक्की माहीत आहे.

दर रविवारी दुपारी एक वाजता, चर्चच्या मागच्या सभागृहाच्या तळघरात चौघं जमायची. कागदोपत्री ते 'कथाकथन अभ्यास मंडळ' होतं, म्हणून खोली आणि कॉफी फुकट मिळायची आणि हजेरीपत्रकावर सह्या कराव्या लागायच्या. प्रत्यक्षात तो खेळ होता. चौघांतला एक सूत्रधार. तो गोष्ट सांगणार: पुढे जंगल आहे, पलीकडून धूर येतोय, आता काय करता? बाकीच्यांनी आपापलं पात्र घेऊन यायचं आणि सांगायचं, मी झाडावर चढते, मी तलवार उपसतो. जमलं की फसलं ते फासे ठरवणार. एकच गोष्ट वर्षानुवर्षं चालायची.

सूत्रधार होता सिक्स्टेन वालग्रेन. शाळेत पोरांना सुतारकाम शिकवायचा. आवाज गोड, हात कुशल आणि मन करवतीसारखं. त्याचा एक नियम होता. नवं पात्र आणलं की त्याच्याविषयी एक पान लिहून द्यायचं: नाव, गाव, धंदा आणि सगळ्यात खाली, 'वाट पाहणारं माणूस'. म्हणजे या पात्राची घरी वाट कोण बघतंय. ते पान सिक्स्टेन नीट वाचायचा, घडी करायचा आणि बिस्किटांच्या निळ्या डब्यात ठेवायचा.

यॉर्डिस पहिल्यांदा आली ती एक्याण्णव साली. तेवीस वर्षांची होती. तिने एक पान सोडून तीन पानं लिहिली. तिच्या पात्राला एल्वा नावाची धाकटी बहीण होती. चीज करायची, गाणी चुकीची म्हणायची, काळोखाला भ्यायची. सिक्स्टेनने ती पानं वाचली आणि म्हणाला, "सुंदर लिहिलंयस." हुरळून गेली बिचारी. कौतुकाने कुणाचं भलं झालंय?

चौथ्या रविवारी सिक्स्टेनने सगळ्यांना गोठलेल्या तळ्यावर नेलं. बर्फ फुटला. एका भोकात तागेचं पात्र पडलं, दुसऱ्या भोकात एल्वा. ती तिथे कशी आली? ताईला शोधत आली होती. दोर एकच होता, आणि तो यॉर्डिसच्या हातात होता.

तागे हा बंदरावर क्रेन चालवणारा, धिप्पाड आणि अबोल. तो समोर बसून तिच्याकडे बघत होता. जिवंत, खरा माणूस, हातात कॉफीचा कप. आता जिवंत माणसाच्या तोंडावर 'तू बूड' कसं म्हणणार? तिने दोर तागेला टाकला.

"बरं," सिक्स्टेन म्हणाला. मग त्याने हात टेबलाखाली नेला आणि खालून बोटांच्या पेरांनी लाकडावर वाजवलं. टक, टक, टक. "एल्वा आहे," तो म्हणाला, "बर्फाखालून." आणि थांबेचना. टक, टक. हळूहळू मंद होत गेलं.

यॉर्डिस रडली. हुंदके देऊन रडली. तेव्हा रूने हसला. रूने टपालखात्यात होता, सदान्‌कदा थट्टा करणारा. तो म्हणाला, "अगं, कागदावरची बाई ती! रुमाल देऊ की मासे पकडायची जाळी?"

झालं. पुढची अठ्ठावीस वर्षं ही गोष्ट नाताळच्या मेजवानीला निघायची. नवा कुणी पाहुणा आला की रूने त्याला साभिनय सांगायचा. आणि खेळताना यॉर्डिस कधी जरा गप्प बसली, की हळूच टेबलाखालून टक, टक, टक. मग सगळे हसणार. तीही हसायची. काय करणार?

तेव्हापासून तिच्या पानावर शेवटच्या रकान्यात दोनच शब्द असायचे: कोणी नाही. अठ्ठावीस वर्षांत तिने अकरा पात्रं केली, सगळी अनाथ. कुणी देवळाच्या पायरीवर सापडलेली, कुणी गाव जळून गेलेली, एकीला तर स्वतःचं नावच आठवत नव्हतं. तिची पात्रं खानावळवाल्याशी दोन शब्द बोलायची नाहीत. घोडा विकत घ्यायची नाहीत, भाड्याने घ्यायची. कुणी जखमी पिल्लू दाखवलं तर "मी पुढे जाते" म्हणायची. दार उघडण्याआधी दाराला कान लावायची, उंबऱ्यावर काठी आपटायची, धुराचा रंग विचारायची. कुणी गोड बोललं की हिचा हात सुरीवर. आणि खेळायची अशी की बाहेरून येणारे बघत राहायचे. एकदा सुंद्सवालहून आलेला एक खेळाडू म्हणाला, "काय ही बाई खेळते! हिला कशानेच धरता येत नाही." ते ऐकून तिला आठवडाभर बरं वाटत होतं.

तसं पाहिलं तर तिघांच्या तीन तऱ्हा होत्या. तागे कुणाचं ऐकून घेण्याआधी बाण सोडायचा, कारण शहाऐंशी सालच्या गोष्टीत त्याने एका शरण आलेल्या माणसावर विश्वास ठेवला होता आणि त्या माणसाने रात्रीत त्याचे सगळे सोबती मारले होते. रूने प्रत्येक प्रसंगाची टिंगल करायचा, कारण त्याआधी एकदा त्याने मनापासून भाषण केलं होतं आणि सिक्स्टेनने राजाच्या तोंडून त्याची नक्कल केली होती. लोक म्हणतात खेळण्याची शैली स्वभावातून येते. कसला स्वभाव! तिघांच्या सवयी, आणि तिन्हींचा बाप एकच.

मग ती त्याच्याकडे जायचीच कशाला? हे मीही तिला विचारलंय. म्हणाली, "तो सांगतो तसं कुणी सांगत नाही." यावर काय बोलणार, कप्पाळ?

दोन हजार एकोणीसच्या जानेवारीत सिक्स्टेनला पोटाचा कर्करोग निघाला. डॉक्टर म्हणाले, वसंत दिसेल की नाही सांगता येत नाही. पुढच्या रविवारी तो आला, अंगावरचा स्वेटर हँगरला लावल्यासारखा लोंबत होता. म्हणाला, "शेवटची गोष्ट. चार रविवार. नवी पात्रं करा."

कॉफीच्या वेळी त्याने यॉर्डिसला बाजूला घेतलं.

"या वेळी एक माणूस लिही," तो म्हणाला.

"कुठे?"

"सोंग नको घेऊस. शेवटच्या रकान्यात. एकच."

"कशाला? बुडवायला?"

"नाही बुडवणार."

"मग जाळशील."

"यॉर्डिस, अगं, मी मरतोय. मरणारा माणूस खोटं बोलेल का?"

"तू बोलशील," ती म्हणाली. तो हसला, हसता हसता पोट धरून खाली बसला. तिने त्याला धरलं नाही. नुसती उभी राहिली.

पण आठवडाभर ते तिच्या डोक्यातून जाईना. दवाखान्यात लोकांच्या तोंडात नळी धरून उभी असताना ती विचार करायची की कोण? बहीण तर शक्यच नव्हती. शेवटी जेवणाच्या सुट्टीत तिने पान काढलं आणि लिहिलं: 'बाप. म्हातारा. जेवणाला थांबतो.' का लिहिलं, हे तिलाही सांगता आलं नसतं. मला वाटतं, तिला हवं होतं. अठ्ठावीस वर्षं उपाशी माणसासमोर कुणी ताट धरलं, तर हात जाणारच की.

सिक्स्टेनने ते पान वाचलं आणि या वेळी 'सुंदर' वगैरे काही म्हणाला नाही. घडी केली, डब्यात ठेवली.

तीन रविवार लढाईत गेले. चौथा रविवार फेब्रुवारीचा शेवटचा. सिक्स्टेन खांद्यावर घोंगडी घेऊन बसला होता आणि आवाज इतका बारीक झाला होता की सगळे पुढे वाकून ऐकत होते. गोष्टीतली लढाई संपली होती, तिघं परत निघाली होती.

"संध्याकाळ झालीय," तो म्हणाला. "यॉर्डिस, तुझं गाव आलं. शेवटचं घर तुझं. खिडकीत दिवा आहे."

"बाहेर कोण आहे?"

"कोणी नाही."

"बर्फावर पावलं?"

"एका माणसाची. सरपण आणायला गेलेल्याची. जाताना आणि येताना."

"धूर कसला आहे?"

"बर्चच्या लाकडाचा. पांढरा."

"मी खिडकीवर बाण रोखतो," तागे म्हणाला.

"तागे, ठेव तो बाण खाली," सिक्स्टेन म्हणाला. इतक्या वर्षांत असं तो कधीच म्हणाला नव्हता. यॉर्डिसने लगेच मान वर केली. हा बाण खाली ठेवायला सांगतोय म्हणजे आत नक्की काहीतरी आहे. रूनेने टेबलाखालून हळूच वाजवलं, टक, टक, आणि डोळा मारला.

"दार उघडलं," सिक्स्टेन म्हणाला. "बाप दारात उभा आहे. तुझ्याकडे बघतोय. म्हणतोय, 'आलीस होय गं? ये. सूप गार होतंय.'"

तो आवाज काय लावला होता त्याने! आत जावं, बसावं, असं यॉर्डिसला इतकं वाटलं की खुर्चीच्या कडा तिने घट्ट धरल्या. आणि नेमकं तेव्हाच तिला आठवलं, की एल्वाच्या वेळी तळ्यावर जायच्या आधीच्या रविवारी तिला हुबेहूब असंच वाटलं होतं.

"मी थांबत नाही," ती म्हणाली. "पुढे जाते."

"तो तुला नावाने हाक मारतोय."

"मी ओळख दाखवत नाही."

"अगं, ये ना आत." हे बाप म्हणाला की सिक्स्टेन, कुणाला कळलं नाही.

"जाते म्हटलं ना. फासे टाकू?"

सिक्स्टेनने फासे आपल्याकडे ओढून घेतले. "चालत निघून जायला फासे लागत नाहीत," तो म्हणाला. मग, "बरं. तो दार लावून घेतो." आणि त्याने आपले कागद गोळा केले.

रूने टाळ्या वाजवत उठला. "फसवलंस की गं म्हाताऱ्याला! शेवटच्या दिवशी हात चोळत बसवलंस!" तागेने तिच्या पाठीवर थाप मारली. सिक्स्टेनने सही केली, कोट चढवायला त्याला बराच वेळ लागला, आणि तो गेला.

यॉर्डिस मात्र त्या दिवशी तरंगतच घरी गेली. वाटेत बेकरीतून सेमला घेतला, साय भरलेला मोठा पाव, आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच खाल्ला. अठ्ठावीस वर्षांनी तिने सिक्स्टेनच्या हाती पुन्हा एक माणूस दिला होता, आणि या वेळी त्याला त्यातून काही मिळालं नव्हतं. साय नाकाला लागली ती तिने बोटाने पुसून चाटली. जिंकल्याचा आनंद असा असतो, हे तिला त्या दिवशी कळलं.

बाराव्या दिवशी सिक्स्टेन गेला.

अंत्यविधीनंतर वर सभागृहात कॉफी आणि सँडविचचा केक होता, पावाचे थर लावून केलेला खारा. ही तिघं आपल्या बशा घेऊन तळघरात आली, सवयच ती. तागेने हजेरीपत्रक काढलं आणि तीन सह्या झाल्या. सिक्स्टेनच्या बहिणीने निळा डबा आणि त्याची फाइल रूनेच्या हातात दिली होती. त्या फाइलला जिवंतपणी कुणाला हात लावू दिला नव्हता त्याने. प्रत्येक रविवारचं टिपण त्यात होतं, चौकटीच्या कागदावर, बारीक अक्षरात: कुठे सापळा, कुणाला कुठे धरायचं, कोण कधी दगा देणार.

"हे बघा, हे बघा," रूने पानं उलटत म्हणाला. "एक्याण्णव. 'टेबल खालून वाजवणे, थांबायचं नाही.' बघ किती तयारीने मारलं होतं तुला! आणि हा शेवटचा रविवार. ऐका, काय वाढून ठेवलं होतं ते ऐका."

"बाप राक्षस असणार," तागे म्हणाला.

"सुपात विष," यॉर्डिस म्हणाली. तिने केकचा तुकडा तोंडात टाकला.

रूने मोठ्याने वाचू लागला. "'यॉर्डिस घरी पोचते. बाप दारात. ती आत येते. वाटाण्याचं सूप. जेवते. बाप प्रवासाचं विचारतो, ती सांगते. झोपते. काही होत नाही.'" तो थांबला. "खाली लिहिलंय, 'काही होऊ द्यायचं नाही.' दोनदा रेघ मारलीय."

"पुढे?" तागेने विचारलं.

"पुढे काही नाही. एवढंच आहे."

वर कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं. रूनेने काहीतरी विनोद करायला तोंड उघडलं, पण त्याला सुचेना, आणि सुचत नाही म्हणून त्याचा हात आपसूक टेबलाखाली गेला. टक, टक, टक. मग त्यालाच ओशाळल्यासारखं झालं आणि त्याने हात मांडीवर ठेवला.

यॉर्डिसने तोंडातला घास गिळला, हात पुसले, आणि कागद त्याच्याकडून घेतला. उलटा करून पाहिला. मागची बाजू कोरी होती. ती उठली, तळघराच्या उंच खिडकीपाशी गेली, टाचा उंचावून तो उजेडात धरला आणि बराच वेळ बघत राहिली.

"दुसरं पान कुठाय?" तिने विचारलं.

"दुसरं पान नाहीये गं," तागे म्हणाला.

"असणार," ती म्हणाली. "सिक्स्टेनचं असतंच. नीट बघा."

मग तिने तो निळा डबा ओढून घेतला आणि एकेक घडी उलगडायला लागली.